पायथनमध्ये एका नावाखाली दुसरं नाव झाकलं जातं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या कळमना मार्केटमधली संत्र्यांची रोजची आवक आणि भाव मांडणारी एक ज्युपिटर नोटबुक (कोडचे तुकडे, म्हणजे सेल, एकेक करून चालवता येणारी फाइल) आहे, ती ऑफिसातले तिघे मिळून वापरता. सकाळी उघडली की सगळे सेल नीट चालतात. दुपारी तेच सेल पुन्हा चालवले की एका ठिकाणी "टाइपएरर: 'लिस्ट' ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल" येतो, दुसऱ्या ठिकाणी "'फ्लोट' ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल". कर्नल (मागे कोड चालवणारी आणि नावं लक्षात ठेवणारी प्रक्रिया) रीस्टार्ट केला की पुन्हा सुरळीत. हे होतं कशामुळे, आणि कोणती नावं वापरायचीच नाहीत याची यादी मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

यादी मिळेल, पण पाठ केलेली यादी फार दिवस पुरत नाही. एखादं नाव नेमकं कुठून उचललं जातंय हे डोळ्यांपुढे आणता आलं, तर यादीची गरज फारशी उरत नाही. म्हणून आधी तुमच्या दोन्ही चुका सोडवतो, मग जिथे चूक दिसतच नाही त्या जागांवर जरा जास्त थांबतो. कोडच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये पायथनचे शब्द नेहमीसारखेच टाइप करा.

पहिली चूक. कुठल्या तरी सेलमध्ये हे लिहिलेलं असणार:

```
लिस्ट = [3200, 2800, 3500]
```

आणि वरच्या एखाद्या सेलमध्ये `लिस्ट(भाव.कीज())` असं काहीतरी. सकाळी सेल वरून खाली चालतात, तेव्हा वरचा सेल पायथनचा मूळ `लिस्ट` वापरतो आणि काम होतं. त्यानंतर खालचा सेल `लिस्ट` हे नाव तीन भावांच्या यादीला देऊन टाकतो. दुपारी वरचा सेल पुन्हा चालवला की `लिस्ट` म्हणजे ती यादी, आणि यादीला कंस लावून हाक मारता येत नाही.

दुसरी चूक याच जातीची, पण तिथे पायथनचं कुठलंच मूळ नाव गुंतलेलं नाही:

```
डेफ सरासरी(भाव):
    रिटर्न सम(भाव) / लेन(भाव)

सरासरी = सरासरी(आजचे_भाव)
```

शेवटची ओळ वेगळ्या सेलमध्ये असेल, तर पहिल्यांदा चालेल आणि दुसऱ्यांदा हमखास पडेल, कारण पहिल्या फेरीतच `सरासरी` हे नाव फंक्शनकडून आकड्याकडे गेलं. "एकदा चालतं, दुसऱ्यांदा चालत नाही" असं लक्षण दिसलं की आधी हेच शोधा. उपाय साधा आहे. फंक्शनला क्रियापद द्या, किमतीला नाम द्या: `सरासरी_काढ` हे फंक्शन, `सरासरी_भाव` हा आकडा. एवढी एकच सवय लागली तरी अशी टक्कर बहुतेक वेळा होतच नाही.

दुपारच्या कामात रीस्टार्ट न करता सुटायचं असेल, तर एका नव्या सेलमध्ये `डेल लिस्ट` चालवा. याने पायथनचा मूळ `लिस्ट` पुसला जात नाही, त्याच्यावर चढलेलं तुमचं नाव तेवढं जातं. नाव खरंच झाकलं गेलंय का, हे तपासायला `इम्पोर्ट बिल्टइन्स` करून `लिस्ट इज बिल्टइन्स.लिस्ट` लिहा. उत्तर `फॉल्स` आलं की झाकलं गेलंय. `डेल` मात्र तात्पुरतं आहे. ती ओळ जोवर सेलमध्ये आहे तोवर उद्या पुन्हा तेच होणार.

आता नाव सापडतं कसं ते बघू. पायथन एखादं नाव चार ठिकाणी या क्रमाने शोधतं: चालू फंक्शन, त्याला वेढणारं फंक्शन, मॉड्यूल, आणि शेवटी पायथनची मूळ नावं. गल्लीत उभं राहून "गणेश" अशी हाक मारली की जो जवळ असेल तो ओ देतो, लांबच्या गणेशपर्यंत हाक जातच नाही, तसं हे आहे. इथवर बहुतेकांना माहीत असतं. सुटतं ते पुढचं: फंक्शनच्या आतलं नाव स्थानिक आहे की नाही, हे ओळ चालताना ठरत नाही. फंक्शन कंपाइल होताना ठरतं, आणि संपूर्ण फंक्शनसाठी एकदाच ठरतं.

```
हमाली_दर = 12

डेफ हमाली(क्विंटल):
    प्रिंट(हमाली_दर)
    इफ क्विंटल > 100:
        हमाली_दर = 10
    रिटर्न क्विंटल * हमाली_दर
```

`हमाली(40)` म्हटलं की `इफ`च्या आत जायचा प्रश्नच नाही, तरी पहिल्या `प्रिंट`लाच "अनबाउंडलोकलएरर" येतो, म्हणजे स्थानिक नावाला अजून किंमतच मिळालेली नाही. फंक्शनमध्ये कुठेही, अगदी न चालणाऱ्या फांदीतही, `हमाली_दर =` असं लिहिलं की ते नाव त्या फंक्शनपुरतं पूर्ण स्थानिक होतं आणि बाहेरचं 12 झाकलं जातं. पायथन 3.11 पासून संदेशात "कॅनॉट ॲक्सेस लोकल व्हेरिएबल" असे शब्द असतात, त्याआधी "रेफरन्स्ड बिफोर असाइनमेंट" असे. दोन्हींचा अर्थ एकच.

इथे अनेकजण वर `ग्लोबल हमाली_दर` लिहून मोकळे होतात. तसं करू नका. तेवढ्याने चूक गप्प होते, पण 100 क्विंटलच्या वरची एक पावती आली की बाहेरचा दर कायमचा 10 होतो आणि पुढच्या सगळ्या पावत्या चुकतात. दर पॅरामीटर म्हणून आत द्या, आणि आतल्या बदललेल्या दराला `लागू_दर` असं वेगळं नाव द्या. शंका असेल तर `डिस` मॉड्यूलने फंक्शन उलगडून बघा. नावापुढे "लोड ग्लोबल" दिसलं तर ते बाहेरून येतंय, "लोड फास्ट" या गटातलं काही दिसलं तर ते स्थानिक आहे. वाद मिटवायला याहून पक्का पुरावा नाही.

आतापर्यंतच्या सगळ्या चुका ओरडून सांगणाऱ्या होत्या. एरर आला, ओळ कळली, नाव बदललं. त्यांची मला फार काळजी वाटत नाही. खरी काळजी पुढच्यांची.

`आयडी` घ्या. हे पायथनचं मूळ फंक्शन आहे, वस्तूची ओळख सांगणारा आकडा देतं. आपल्या कोडमध्ये त्याचा उपयोग जवळपास शून्य, म्हणून "झाकलं तर झाकलं, कुठे वापरतोय आपण" असं म्हणून पावतीच्या क्रमांकाला सर्रास `आयडी` नाव दिलं जातं. झाकल्याने खरोखरच काही बिघडत नाही. बिघडतं ते उलट बाजूने. सहा महिन्यांनी कोणी तरी `आयडी = ओळ["पावती"]` ही ओळ काढून `पावती_आयडी = ...` करतो आणि खालचा एक उल्लेख बदलायचा राहतो. नाव साधं असतं तर तिथे लगेच "नेमएरर" आला असता. इथे येत नाही, कारण `आयडी` नावाचं काहीतरी तर अस्तित्वात आहेच. मग `इफ आयडी इन झालेल्या_पावत्या` ही अट निमूटपणे खोटी ठरते, एकही पावती "झालेली" सापडत नाही, आणि सीएसव्हीच्या त्या रकान्यात क्रमांकाऐवजी ओळीमागून ओळ "<बिल्ट-इन फंक्शन आयडी>" छापलं जातं. `टाइप`, `इनपुट`, `फॉरमॅट`, `फिल्टर`, `हॅश`, `नेक्स्ट` या सगळ्यांचं हेच. मूळ नाव वापरलं की "हे नाव अजून तयारच झालेलं नाही" ही पायथनची सूचना तुम्ही गमावता. मूळ नावं टाळायचं माझ्या मते हे सगळ्यांत मोठं कारण आहे, आणि ते फार कमी ठिकाणी सांगितलं जातं.

दुसरी गप्प चूक आयातीतून येते. पायथनच्या मूळ `सम`ला दुसरा आकडा दिला तर तो सुरुवातीची रक्कम असतो. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या `सम`ला दुसरा आकडा दिला तर तो अक्ष (बेरीज कोणत्या दिशेने करायची ते) असतो. म्हणून `सम(रेंज(5), -1)` चं उत्तर मूळ फंक्शनकडून 9 येतं आणि `फ्रॉम नमपाय इम्पोर्ट सम` केल्यावर 10 येतं. एरर नाही, इशारा नाही. वरच्या कुठल्या तरी ओळीत एक आयात वाढली आणि खालचा हिशेब एकने सरकला. `फ्रॉम मॅथ इम्पोर्ट *` केलं की मूळ `पॉव` जाऊन मॅथचा येतो, जो नेहमी फ्लोट देतो आणि तिसरा आकडा घेतच नाही. `फ्रॉम ओएस इम्पोर्ट *` केलं की `ओपन` बदलतं, आणि फाइल उघडणारी रोजची ओळ पडते. स्पार्क या मोठा डेटा हाताळणाऱ्या प्रणालीवर काम करणाऱ्यांनी फंक्शन्सचं मॉड्यूल तारांकन लावून आणलं की `सम`, `मॅक्स`, `मिन`, `राउंड`, `फिल्टर` सगळे एका झटक्यात स्पार्कचे होतात. मॉड्यूल `एफ` या नावाने आणा आणि `एफ.सम` लिहा. दोन अक्षरं जास्त टाइप होतात, पण वाचणाऱ्याला `सम` कुणाचा हे शोधत बसावं लागत नाही. तारांकनाची आयात कामाच्या कोडमध्ये नकोच, यात मला तरी अपवाद दिसत नाही.

तारखेचंही असंच. एका फाइलमध्ये `इम्पोर्ट डेटटाइम` आणि दुसऱ्या कोणी `फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेटटाइम` असं दोन्ही लिहिलं की जी ओळ शेवटी आली ती जिंकते. `इम्पोर्ट डेटटाइम ॲज डीटी` असा नियम टीमने एकदा ठरवा आणि सगळीकडे `डीटी.डेट`, `डीटी.डेटटाइम` असं लिहा. याचा दुसरा फायदा पायडँटिक या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीच्या डेटा-क्लासमध्ये दिसतो. हे बघा:

```
क्लास आवक(बेसमॉडेल):
    डेट: डेट | नन = नन
```

क्लासच्या अंगात `डेट` या नावाला आधी `नन` मिळतं, आणि मग उजवीकडचा प्रकार वाचला जातो. तोवर `डेट` म्हणजे तारखेचा प्रकार राहिलेलाच नसतो, तो `नन` झालेला असतो. म्हणून "'ननटाइप' आणि 'ननटाइप' यांच्यात | चालत नाही" अशा अर्थाचा चमत्कारिक वाटणारा एरर येतो. त्याहून वाईट म्हणजे `ऑप्शनल[डेट]` लिहिलंत तर एररही येत नाही. रकान्याचा प्रकार नुसता `नन` होऊन बसतो आणि पायडँटिक प्रत्येक खरी तारीख नाकारतं. प्रकार `डीटी.डेट` असा लिहिला की प्रश्नच मिटतो, रकान्याचं नाव `डेट` ठेवलं तरी.

क्लासबद्दल आणखी एक. मेथडला `लिस्ट` नाव देणं एपीआयच्या कोडमध्ये अगदी नेहमीचं आहे. मेथडच्या आत `लिस्ट(...)` म्हटलं तर मूळच मिळतो, कारण आतून बाहेर नाव शोधताना क्लासचं अंग वगळलं जातं. पण त्याच क्लासमध्ये खाली `डेफ नावं(सेल्फ) -> लिस्ट[स्ट्र]` असं लिहिलं की तो `लिस्ट` क्लासच्या अंगात वाचला जातो, तिथे तो तुमची मेथड असतो, आणि "'फंक्शन' ऑब्जेक्ट इज नॉट सबस्क्रिप्टेबल" येतो. 3.14 पासून प्रकारांच्या नोंदी आळशीपणे वाचल्या जातात, त्यामुळे हा एरर क्लास बनताना न येता कोणी ती नोंद वाचायला गेल्यावर येतो. म्हणजे मूळ जागेपासून आणखी लांब. मेथडला `सर्व_आण` किंवा तत्सम नाव द्या.

तिसरी गप्प चूक लूपची. `फॉर`, `इफ`, `विथ`, `ट्राय` यांपैकी कोणीही स्वतःची वेगळी चौकट बनवत नाही. लूप संपला तरी लूपचं नाव शिल्लक राहतं, शेवटची किंमत धरून. नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिकांची स्थानकं मोजणारा हा कोड पाहा:

```
फॉर आय, मार्गिका इन एन्युमरेट(मार्गिका_यादी):
    फॉर आय, स्थानक इन एन्युमरेट(मार्गिका.स्थानकं):
        नोंद_कर(स्थानक)
    अहवाल[आय] = मार्गिका.नाव
```

बाहेरचा लूप यामुळे भरकटत नाही, कारण पुढची किंमत तो इटरेटरकडून घेतो, `आय` वाढवून नव्हे. म्हणून ऑरेंज आणि ॲक्वा दोन्ही मार्गिका पूर्ण फिरून होतात आणि वरवर सगळं बरोबर दिसतं. पण `अहवाल[आय]` लिहिताना `आय` म्हणजे आतल्या लूपमधल्या शेवटच्या स्थानकाचा क्रमांक असतो. दोन मार्गिकांच्या स्थानकांची संख्या समान निघाली तर दुसरी पहिलीवर लिहिली जाते आणि अहवालात एकच मार्गिका उरते. डेटा बदलला की लक्षणही बदलतं, म्हणून ही चूक टेस्टमधून सुटते. `मार्गिका_क्र` आणि `स्थानक_क्र` अशी नावं दिली असती तर ती लिहितानाच दिसली असती.

कॉम्प्रिहेन्शनच्या (चौकटी कंसात एका ओळीत लिहिलेल्या लूपच्या) बाबतीत मात्र निर्धास्त राहा. पायथन 3 मध्ये चौकटी कंसातलं लूपचं नाव बाहेर सांडत नाही. 3.12 मध्ये अंमलबजावणी आतून बदलली, तरी हा नियम तसाच आहे. अपवाद वॉलरसचा: कंसाच्या आत `:=` ने दिलेलं नाव बाहेरच्या फंक्शनमध्ये उतरतं, आणि तिथे त्याच नावाचं काही असेल तर त्याची किंमत बदलते.

`एक्सेप्ट` तर उलटाच खेळ करतो:

```
एरर = नन
ट्राय:
    भाव = इंट(मजकूर)
एक्सेप्ट व्हॅल्यूएरर ॲज एरर:
    लॉग(एरर)
इफ एरर:
    कळव()
```

`एक्सेप्ट`चा भाग संपताना पायथन `एरर` हे नाव पुसून टाकतं, वर ठेवलेल्या `नन`सकट. त्यामुळे आकडा नीट आला तर कोड चालतो, आकडा बिघडला तर `इफ एरर` वर "नेमएरर". म्हणजे ज्या दिवसासाठी ही ओळ लिहिली, नेमकी त्याच दिवशी ती पडते. पकडलेल्याला `ई` म्हणा आणि आत `शेवटचा_एरर = ई` असं वेगळ्या नावात ठेवा. अपवादांची नावं ठेवतानाही जपून. रिक्वेस्ट्स या वेबवरून माहिती आणणाऱ्या लायब्ररीचा `कनेक्शनएरर` आणि पायथनचा मूळ `कनेक्शनएरर` हे दोन वेगळे आहेत. नुसतं `एक्सेप्ट कनेक्शनएरर` लिहिलं आणि आयात केली नाही, तर रिक्वेस्ट्सचा एरर पकडला जात नाही. आयात केली, तर त्या फाइलमध्ये सॉकेटचा (थेट नेटवर्क जोडणीचा) मूळ एरर पकडला जात नाही. पूर्ण वाट लिहा: `रिक्वेस्ट्स.कनेक्शनएरर`.

मराठी भाषांतरासाठी गेटटेक्स्ट मॉड्यूल वापरत असाल तर `_` बद्दलही सावध, त्यात भाषांतर करणाऱ्या फंक्शनला सहसा हेच नाव देतात. वर `_("आवक")` आणि त्याच फंक्शनमध्ये खाली `फॉर _ इन रेंज(3)` आलं, की `_` पूर्ण फंक्शनमध्ये स्थानिक होतं आणि वरचं भाषांतर "अनबाउंडलोकलएरर" देतं. लूपला `फेरी` म्हणा, काही बिघडत नाही.

फाइलींची नावं हा वेगळा, आणि नवख्यांना सर्वांत जास्त रडवणारा भाग. बाजाराच्या सुट्ट्या ठेवायला `कॅलेंडर` नावाची पायथन फाइल केलीत, की त्याच फोल्डरमधून चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये `इम्पोर्ट रिक्वेस्ट्स` पडेल. रिक्वेस्ट्स आतून कुकी हाताळणारं मॉड्यूल आणते, ते मूळ `कॅलेंडर`मधून `टाइमजीएम` मागतं, आणि त्याला तुमची सुट्ट्यांची फाइल मिळते. एरर दिसतो तो तुम्ही कधी न उघडलेल्या फाइलमध्ये. `रँडम`, `ईमेल`, `सीएसव्ही`, `जेसन`, `टोकन`, `टाइप्स`, `क्यू`, `लॉगिंग` ही नावंही तशीच. कारण असं की स्क्रिप्टचं फोल्डर शोधवाटेत (आयात करताना पायथन ज्या फोल्डरांत शोधतं त्या यादीत) सर्वांत पुढे असतं. गंमत म्हणजे `टाइम` किंवा `सिस` नावाची फाइल केलीत तर काहीच होत नाही, कारण ती मॉड्यूल्स इंटरप्रिटरच्या आतच असतात आणि आधी सापडतात. "त्या फाइलने काही झालं नाही, मग याने का होईल" असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

शंका आली की `प्रिंट(कॅलेंडर.__फाइल__)` करा. वाट तुमच्या प्रोजेक्टची निघाली की गुन्हेगार सापडला. 3.13 पासून पायथन स्वतःच अनेकदा सांगतं की ही फाइल स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलच्या नावाची आहे, नाव बदलण्याचा विचार करा. 3.11 पासून `-पी` (मोठं अक्षर) हा पर्याय स्क्रिप्टचं फोल्डर शोधवाटेतून काढतो. निदानासाठी उत्तम, पण तुमच्या शेजारच्या फाइलीही मग सापडणार नाहीत, तेव्हा तो उपाय म्हणून वापरू नका. नाव बदलल्यावर पायकॅशचं (पायथन कंपाइल केलेल्या फाइली ठेवतं ते) फोल्डर पुसत बसायची गरज पायथन 3 मध्ये नाही. मूळ फाइल नसेल तर त्यातली जुनी कंपाइल फाइल उचलली जात नाही. फाइल पॅकेजच्या आत ठेवली आणि बाहेरच्या फोल्डरमधून `-एम` लावून चालवली, तर `कॅलेंडर` हे नावही चालून जातं. तरीही मी `बाजार_सुट्ट्या` हेच नाव ठेवायला सांगेन, कारण कोणी ना कोणी ती फाइल कधी तरी थेट चालवणारच.

याला लागूनच पांडास या तक्त्यातला डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीची एक गोष्ट, कारण तुमच्या डेटात ती नक्की असणार. संत्र्याच्या प्रतवारीचा रकाना `साइज` नावाचा असेल, तर `डीएफ.साइज` तो रकाना देत नाही (`डीएफ` म्हणजे तुमचा तक्ता). ते पांडासचं स्वतःचं नाव आहे, ओळी गुणिले रकाने इतका आकडा देतं. `काउंट`, `इंडेक्स`, `रँक` या नावांचंही असंच. रकाना नेहमी चौकटी कंसात, अवतरणात लिहा.

आता लिंटर, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं साधन. माणसाच्या नजरेवर हे सगळं सोपवू नये. रफ हा लिंटर वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: मूळ नावं झाकण्याचे नियम त्यात आपोआप चालू नसतात. "ए" गट स्वतः चालू करावा लागतो. त्यात ए 001 चल नावासाठी, ए 002 पॅरामीटरसाठी, ए 003 क्लासमधल्या नावासाठी, ए 004 आयातीसाठी आणि ए 005 स्टँडर्ड लायब्ररीच्या नावाच्या फाइलसाठी आहे. मेट्रोच्या लूपसारखी चूक पीएलडब्ल्यू 2901 पकडतो. लूपचं नाव ज्या यादीवर फिरतोय तिचंच असेल तर बी 020. न वापरलेलं नाव पुन्हा बांधलं असेल तर एफ 811, तो मात्र मुळातच चालू असतो. पायलिंट या दुसऱ्या लिंटरमध्ये डब्ल्यू 0622 मूळ नावांसाठी आणि डब्ल्यू 0621 बाहेरच्या चौकटीतल्या नावांसाठी, दोन्ही आधीपासून चालू. नोटबुकच्या फाइलीही रफ तपासतं, तेव्हा तुमच्या ऑफिसात कमिटच्या (बदल नोंदवण्याच्या) आधी ते बसवायला अडचण नाही.

डब्ल्यू 0621 वर लोक वैतागतात, "पॅरामीटरला बाहेरच्यासारखं नाव असलं तर बिघडतं काय?" या तक्रारीत तथ्य आहे, पॅरामीटरचं झाकणं स्वतः निरुपद्रवी असतं. पण इशारा वेगळ्या रोगाचा आहे. फाइलच्या शेवटी `इफ __नेम__ == "__मेन__":` खाली लिहिलेली नावं स्थानिक नसतात, ती मॉड्यूलभर पसरतात. तिथे `वाट = "आवक.सीएसव्ही"` असेल आणि वरच्या `वाच(फाइल)` मध्ये चुकून `ओपन(वाट)` लिहिलं गेलं, तर थेट चालवताना कोड बिनबोभाट चालतो, कोणतीही फाइल दिली तरी तीच एक वाचतो. दुसऱ्याने मॉड्यूल आयात केलं की "नेमएरर". सगळा मजकूर `मेन()` फंक्शनमध्ये टाका आणि खाली फक्त `मेन()` ला बोलवा. इशारे आपोआप जातात, आणि ते इशारे ज्यासाठी होते ती चूकही उघडी पडते. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या फिक्श्चरमुळे (टेस्टची पूर्वतयारी करून देणाऱ्या फंक्शनमुळे) हाच इशारा येत असेल तर फिक्श्चरला `नेम="डीबी"` देऊन फंक्शनचं नाव `फिक्श्चर_डीबी` ठेवा.

नावं सुचत नाहीत म्हणून `लिस्ट1`, `डेटा2`, `टेम्प` यांच्याकडे वळू नका. झाकणं टळेल, पण दोन `टेम्प` एकमेकांवर चढतील. विषयातली नावं घ्या: `आवक_टन`, `मृग_भाव`, `आंबिया_भाव` (मृग आणि आंबिया हे संत्र्याचे बहार). पायथन 3 मध्ये चल नावं खरोखर देवनागरीत ठेवता येतात आणि मूळ नावांशी त्यांची टक्कर होऊच शकत नाही. एकच खोच आहे. "दुसऱ्या" मधलं "ऱ्या" काही कीबोर्ड अदृश्य जोडअक्षर घालून लिहितात, आणि नावात ते आलं की पायथन यू+200डी हे न छापता येणारं अक्षर चालणार नाही म्हणून ओळ नाकारतं. मिश्र टीम असेल तर रोमन लिपीतली नावंच बरी. मूळ नावाशिवाय दुसरं काही शोभतच नसेल तर शेवटी अधोरेखा लावा, जसं `आयडी_`. राखीव शब्दांसाठी पेप 8 मध्ये, म्हणजे पायथनच्या अधिकृत लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेत, हीच पद्धत सांगितली आहे.

जुना कोड दुरुस्त करताना मात्र क्रम पाळा. आधी स्थानिक नावं बदला, त्यात धोका नाही. व्हीएस कोडमध्ये नावावर एफ2 दाबून बदला, शोधा-आणि-बदला वापरू नका, नाहीतर `लिस्ट`बरोबर `प्राइस_लिस्ट`ही बदलेल. मग मॉड्यूलच्या फाइली. पॅरामीटरची नावं सर्वांत शेवटी, कारण कोणी `पावती_आण(आयडी=57)` असं नावानिशी बोलावत असेल तर ते नाव तुमच्या फंक्शनच्या करारातच आलं. असं बाहेरून वापरलं जाणारं फंक्शन असेल तर `आयडी` तसंच राहू द्या, त्या ओळीपुरता ए 002 बंद करा आणि फंक्शनच्या पहिल्या ओळीत `पावती_आयडी = आयडी` करून पुढे तेच नाव वापरा. एफ2 अवतरणातल्या मजकुराला हात लावत नाही, म्हणजे `डीएफ["साइज"]` सारखी रकान्यांची नावं तशीच राहतात. ती बदलायची असतील तर सीएसव्ही वाचल्यावर लगेच, एकाच ठिकाणी `रीनेम` करून बदला, आणि मगच कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली दोनदा चालवून बघा. दोन्ही फेऱ्यांत सारखंच उत्तर आलं, तर तुमच्या दुपारच्या दोन्ही चुका गेल्या.